सेर्गेई बोंदार्चुक : पंधरा हजार सैनिक आणि एक चेहरा

नेपोलियन आणि रशियन सैन्यातल्या बोरोदिनोच्या लढाईच्या चित्रीकरणाला सोव्हिएत सैन्याने एक लाख वीस हजार सैनिक पुरवले, ही दंतकथा टॉलस्टॉयच्या कादंबरीवर बोंदार्चुक यांनी केलेल्या 'वॉर अँड पीस'चं नाव निघालं की हमखास निघते. खरा आकडा आहे सुमारे १३,५०० पायदळ आणि १,५०० घोडेस्वार. म्हणजे पंधरा हजार. हाही आकडा अवाढव्यच आहे. पण पंधरा हजार माणसं पडद्यावर लाखभर दिसली असतील, तर त्यामागे कुणाची तरी अक्कल असणार. दंतकथेत नेमकी तीच झाकली जाते.

सेर्गेई बोंदार्चुक यांच्याबद्दलचं बरंचसं लेखन या आकड्यांपाशी अडकतं. किती तोफा, किती घोडे, किती बटणं. पण हा माणूस मुळात नट होता. दिग्दर्शनात तो अडतिसाव्या वर्षी उतरला आणि तोवर सोव्हिएत अभिनेत्याला मिळू शकणारे जवळपास सगळे मान त्याच्या पदरात पडले होते. त्याच्या युद्धपटांतल्या जागा नीट पाहिल्या, तर त्यांचं वजन एखाद्या चेहऱ्यावर येऊन थांबतं. जिथे तसा चेहरा सापडला नाही, तिथे पंधरा हजार सैनिक असूनही सिनेमा कोरडा राहिला.

जन्म २५ सप्टेंबर १९२०, खेरसोनजवळच्या बिलोझेर्का गावात, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये. बालपण तागान्रोग आणि येइस्क या अझोव्ह समुद्रकाठच्या गावांत. रोस्तोव्हच्या नाट्यशाळेत शिक्षण सुरू असतानाच युद्ध आलं. सैन्यातून १९४६ साली सुटका झाल्यावर मॉस्कोच्या 'व्हीजीआयके' या चित्रपट संस्थेत सेर्गेई गेरासिमोव्ह यांच्या वर्गात थेट वरच्या वर्षाला प्रवेश मिळाला. गेरासिमोव्ह यांनीच 'द यंग गार्ड' (१९४८) मध्ये पहिली लक्षात राहणारी भूमिका दिली. मग 'तारास शेवचेन्को' (१९५१). दिग्दर्शक इगोर सावचेन्को सिनेमा पुरा होण्याआधीच वारले आणि उरलेलं काम त्यांच्या विद्यार्थ्यांनी तडीस नेलं. त्या युक्रेनी कवीच्या भूमिकेवर स्टालिन खूश झाला. १९५२ साली बोंदार्चुक यांना 'सोव्हिएत संघाचा लोककलावंत' हा किताब मिळाला, तेव्हा त्यांचं वय होतं एकतीस. हा किताब साधारणपणे केस पिकल्यावर मिळायचा. मधल्या पायऱ्या ओलांडून वर गेलेल्या माणसाकडे सहकारी ज्या नजरेने बघतात, ती नजर पुढे आयुष्यभर त्यांच्या पाठीशी राहिली.

'द ग्रासहॉपर' (१९५५) या चेखॉव्हच्या कथेवरच्या सिनेमात त्यांनी डॉक्टर दिमोव्ह केला. बायको कलावंतांच्या मैफलीत रमलेली आणि हा पाहुण्यांना जेवायला बोलावण्यापुरता खोलीत डोकावणारा नवरा. बोंदार्चुक इथे जवळपास काहीच करत नाहीत. जाडजूड अंगाचा, थोडासा ओशाळलेला माणूस दारात उभा राहतो, एवढंच. पुढे 'वॉर अँड पीस'चा नायक प्येर बेझुखॉव्ह करताना हेच ओशाळलेपण कामी आलं. त्याच सुमारास सेर्गेई युत्केविच यांच्या 'ऑथेल्लो'त मुख्य भूमिका केली. डेस्डिमोना होत्या इरिना स्कोब्त्सेवा. पुढे त्या दोघांनी लग्न केलं.

दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा 'फेट ऑफ अ मॅन' (१९५९). मिखाईल शोलोखॉव्ह यांची ही कथा १९५६-५७च्या नववर्षाच्या सुमारास 'प्रावदा' या वृत्तपत्रात दोन हप्त्यांत आली होती. ट्रक चालवणारा, जर्मनांच्या कैदेत गेलेला, बायकोमुलं गमावलेला आंद्रेई सोकोलोव्ह. शोलोखॉव्ह यांना या शहरी नटाबद्दल शंका होती. त्यांनी बोंदार्चुक यांचे हात न्याहाळले आणि हे कष्टकऱ्याचे हात नव्हेत, असं त्यांचं मत पडलं. बोंदार्चुक यांनी त्यावर वाद घातला नाही. ते डॉन नदीकाठच्या कोसॅक मुलखात जाऊन राहिले, तिथल्यासारखे कपडे घातले, तिथली बोली अंगात मुरवली.

या सिनेमातला छावणीच्या कमांडंटसमोरचा प्रसंग अभिनय शिकणाऱ्या कुणीही थांबून थांबून पाहावा असा आहे. उपाशी कैद्याला गोळी घालण्याआधी कमांडंट ग्लासभर दारू आणि वर ब्रेडचा तुकडा पुढे करतो. सोकोलोव्ह दारू पितो, ब्रेडला हात लावत नाही. पहिल्या ग्लासनंतर मी काही खात नाही, म्हणतो. दुसरा ग्लास, तेच उत्तर. तिसऱ्यानंतर चिमूटभर ब्रेड तोडतो. असा प्रसंग बिघडतो तो दोन ठिकाणी. नट शौर्य दाखवायला लागला की ते भाषण होतं आणि नशा दाखवायला लागला की विनोद. बोंदार्चुक नशेशी लढणारा माणूस करतात. पाठ ताठ, मान स्थिर, हात सावकाश, आणि सगळी दारू फक्त डोळ्यांत उतरत जाते. शरीर जितकं जास्त सावरलेलं, तितकी आतली पडझड जास्त दिसते. खोलीतले जर्मन अधिकारी हसायचे थांबतात, तो क्षणही ओरडून सांगितलेला नाही. या सिनेमाला १९५९ साली मॉस्कोच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी लेनिन पारितोषिक. इटालियन दिग्दर्शक रॉबेर्तो रोसेलिनी यांनी तो पाहून त्यांना आपल्या 'एरा नोत्ते आ रोमा' (१९६०) मध्ये घेतलं.

मग तो अवजड प्रकल्प. किंग व्हिडॉर यांचा हॉलिवूडचा 'वॉर अँड पीस' १९५९ साली सोव्हिएत थिएटरांत लागला आणि तीन कोटींवर लोकांनी पाहिला. आपला टॉलस्टॉय अमेरिकनांनी करावा, ही गोष्ट सांस्कृतिक खात्याला झोंबली. आपण उत्तर द्यायचंच, असं ठरलं. ज्येष्ठ दिग्दर्शक इव्हान पिर्येव स्पर्धेत होते. काम मिळालं एकच सिनेमा नावावर असलेल्या बोंदार्चुक यांना. पुन्हा तीच नजर.

प्येरसाठी त्यांच्या मनात पहिल्यांदा होता ऑलिंपिक भारोत्तोलक युरी व्लासोव. चष्मा लावणारा, वाचणारा, डोंगरासारख्या अंगाचा माणूस. त्याची चाचणीही झाली. मला अभिनय येत नाही, असं सांगून त्याने नाही म्हटलं. शेवटी बोंदार्चुक यांनी स्वतःच प्येर करायचं ठरवलं. कादंबरीतला प्येर सुरुवातीला विशीत आहे आणि हे चाळिशी ओलांडलेले, ही तक्रार तेव्हाही झाली आणि ती रास्त आहे. नायिका नताशासाठी लेनिनग्राडच्या बॅले शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या ल्युदमिला सावेल्येवा आल्या. पहिल्या भेटीत हडकुळ्या, फिकट, निळ्या डोळ्यांच्या. टॉलस्टॉयची नताशा तर काळ्या डोळ्यांची. दुसऱ्या चाचणीत केसांचा टोप आणि पोशाख चढल्यावर चित्र पालटलं.

चित्रीकरण ७ सप्टेंबर १९६२ रोजी सुरू झालं, बोरोदिनोच्या लढाईच्या दीडशेव्या स्मृतिदिनी. पहिलं दृश्य मात्र लढाईचं नव्हतं. मॉस्कोच्या नोवोदेविची मठात, आगी लावल्याच्या संशयावरून फ्रेंच सैनिक लोकांना गोळ्या घालतात आणि प्येर ते पाहतो, ते दृश्य. कथेच्या शेवटाकडचं काम पहिल्या दिवशी करायचं म्हणजे नटाने सात वर्षांनंतरचा माणूस आधीच मनात बांधून ठेवायचा.

कटकटी सुरू झाल्या कच्च्या फिल्मपासून. सिनेमा ७० मि.मी.वर करायचा होता. या फिल्मची चौकट नेहमीच्या ३५ मि.मी.च्या साडेतीन पट, त्यामुळे पडद्यावरचा बारकावा अफाट. पण दोषही तितकेच मोठे होऊन दिसतात. शोस्तका इथल्या कारखान्यातून येणारी 'स्वेमा' फिल्म बेभरवशाची होती. शेकडो माणसांचं दृश्य घेऊन झाल्यावर, फिल्म धुऊन आली की कळायचं, ती सदोष आहे. मग तोच पसारा पुन्हा उभारायचा. त्यात फिल्मची संवेदनशीलता कमी, म्हणजे स्टुडिओत प्रचंड दिवे लागणार. आणि ७० मि.मी.त फोकसची खोली कमी, म्हणजे नट हातभर पुढेमागे सरकला तरी चेहरा धूसर. अशा फिल्मवर अभिनय करणाऱ्याला मोकळीक देणं ही चैन होती.

मे १९६३ मध्ये छायाचित्रणकार दांपत्य अलेक्सांद्र शेलेंकोव्ह आणि योलांदा चेन यांनी पत्र लिहून काम सोडलं. दिग्दर्शक आमचं ऐकत नाही, अशी त्यांची तक्रार. त्यांच्या हाताखालच्या अनातोली पेत्रित्स्की या तरुणाकडे कॅमेरा आला. सिनेमातल्या सगळ्यात सुंदर गोष्टी त्यानंतरच्या आहेत. नताशाच्या पहिल्या नृत्यसमारंभात शेकडो जोड्या दिवाणखान्यात गिरक्या घेत असताना रुळांवरचा कॅमेरा मधे घुसवता येईना. रूळ टाकले तर ते चित्रात दिसणार आणि नाचणारे अडखळणार. पेत्रित्स्की यांनी पायात चाकांचे स्केट्स चढवले, कॅमेरा हातात घेतला आणि साहाय्यकाने त्यांना नाचणाऱ्यांच्या मधून फिरवलं. त्या दृश्यात जी भोवळ आहे, ती संकलनातून आलेली नाही. कॅमेरामन खरोखरच वॉल्ट्झमध्ये सामील होता.

शिकारीच्या दृश्याची गंमत वेगळी. उंच, देखणे बोर्झोई कुत्रे मालकांकडून आणले, सोळा. कागदोपत्री ही लांडग्यांच्या शिकारीची जात. पण पिढ्यान् पिढ्या घरात वाढलेल्या या कुत्र्यांनी लांडगा पाहिलेलाच नव्हता. पाठलाग कसा करायचा हेच त्यांना ठाऊक नव्हतं. अखेर संरक्षण खात्याकडून वासावर धावणारे कुत्रे मागवावे लागले.

बोरोदिनोचं खरं मैदान स्मारकांनी भरलेलं असल्याने तिथे लढाई उभी करणं शक्य नव्हतं. स्मोलेन्स्क प्रांतात दोरोगोबुझजवळ तसाच भूभाग शोधला आणि २५ ऑगस्ट १९६३ रोजी काम सुरू झालं. तेरा दिवस. तेवीस टन बारूद, ती हाताळायला १२० सुरुंगतज्ज्ञ, चाळीस हजार लिटर रॉकेल, दहा हजार धूरकांड्या. मैदानाचे विभाग पाडले, प्रत्येक विभागाचे स्फोट वेगळे बांधले, सूचना पोहोचवायला ठिकठिकाणी ध्वनिक्षेपक लावले. घोडदळाचा सल्लागार होता जनरल निकोलाई ओस्लिकोव्स्की. कॅमेरे जमिनीवर, क्रेनवर, हेलिकॉप्टरमध्ये आणि मैदानावर ताणलेल्या तारेवरसुद्धा.

पंधरा हजारांचे लाख झाले ते धुरामुळे. चौकटीत पुढे दहा-बारा माणसं स्पष्ट, मागे काही रांगा पुसट, त्यामागे धूर. डोळा आपोआप गृहीत धरतो की धुरामागेही रांगा आहेत. पण धूर हा सर्वांत बेशिस्त नट. वारा फिरला की तो कॅमेऱ्यावर येतो आणि सगळंच पांढरं. वारा वाढला की दोन मिनिटांत विरतो आणि मागचं रिकामं मैदान उघडं पडतं. हजारो माणसं आणि घोडे पुन्हा पहिल्या जागी न्यायचे, बारूद पुन्हा पेरायची, तोवर ऊन बदललेलं. तेरा दिवस ऐकायला थोडे वाटतात. हा हिशेब मांडला की त्यांची किंमत कळते.

एवढं करून त्या लढाईत लक्षात काय राहतं? पांढरी उंच टोपी घातलेला, चष्म्याचा प्येर, तोफखान्यात चुकून शिरलेल्या पाहुण्यासारखा. सैनिक धावतात, तो वाटेतून बाजूला होतो, कुणाला काही विचारायला जातो आणि तो माणूस पडतो. दिमोव्हचंच ते ओशाळलेपण. सगळा दारूगोळा या एका चेहऱ्याच्या पार्श्वभूमीसाठी उडवला होता, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. याच काळात बोंदार्चुक यांना हृदयविकाराचे झटके आले. एकदा तर हृदय काही काळ बंद पडलं होतं. शुद्धीवर आल्यावर, मी मेलो तर सिनेमा गेरासिमोव्ह यांनी पुरा करावा, असं त्यांनी सांगितल्याची नोंद आहे. कादंबरीतल्या मरणाऱ्या प्रिन्स आंद्रेईसमोर येणारा पांढरा प्रकाश त्या अनुभवातून आला असं सांगतात.

चार भाग १९६६ आणि १९६७ मध्ये लागले. पहिला सुमारे ५.८ कोटी लोकांनी पाहिला, चौथा २ कोटींच्या आसपास. ही घसरण नेहमी पुसट अक्षरात छापली जाते. मला ती समजण्यासारखी वाटते. चौथ्या भागात बोंदार्चुक टॉलस्टॉयच्या वाक्यांना इतके शरण जातात की निवेदकाचा आवाज दृश्यांना श्वास घेऊ देत नाही. खर्च सुमारे ८३ लाख रूबल. पाश्चात्त्य वर्तमानपत्रांनी दहा कोटी डॉलर छापलं. पण सरकारने पुरवलेले सैनिक आणि चाळीसहून जास्त संग्रहालयांनी दिलेल्या वस्तू यांची किंमत त्या रूबलांत कशी धरायची, हे कुणालाच सांगता येणार नाही. अमेरिकेत सिनेमा डब करून, तासभर छाटून दाखवला आणि १९६९ साली परभाषी चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. त्या विभागातलं सोव्हिएत संघाचं ते पहिलं. ते घ्यायला मंचावर गेल्या सावेल्येवा.

इटालियन निर्माते दिनो दे लॉरेंतिस यांनी मग 'वॉटर्लू' (१९७०) त्यांच्याकडे दिला. पुन्हा पंधरा हजार पायदळ, दोन हजार घोडेस्वार. ठिकाण युक्रेनमधलं उझहोरोद. बेल्जियमचं रणांगण तिथे अक्षरशः पेरलं गेलं. दोन टेकड्या सपाट केल्या, आठ किलोमीटर रस्ते केले, पाच हजार झाडं आणून लावली, राई आणि बार्लीची शेतं वाढवली. वॉटर्लूला आदल्या रात्री पाऊस पडला होता, म्हणून चिखल हवा. त्यासाठी जमिनीखालून सुमारे दहा किलोमीटर पाण्याचे नळ घातले. पाच कॅमेरे एकदम चालू, मैदानाच्या आरपार एक उंच रेल्वे केवळ कॅमेऱ्यासाठी. सूचना चार दुभाष्यांमार्फत.

आणि तरीही जे बिघडायचं ते माणसांतच बिघडलं. इंग्रज पायदळ चौकोन करून उभं राहतं आणि फ्रेंच घोडदळ त्याभोवती आदळतं, हे या लढाईचं मर्म. हे सैनिक आधुनिक लष्करातली तरुण पोरं. घोडे कुठे थांबणार, हे आधी सांगितलेलं, खुणेचे लाल खांबही रोवलेले. तरी शेकडो घोडे अंगावर येताना पाहून काही रांगा फुटल्या आणि पोरं पळाली. १८१५ सालचं शिस्तीचं कौतुक ग्रंथांत वाचून कळत नाही, ते या फसलेल्या टेकमधून कळतं. हेलिकॉप्टरमधून घेतलेलं त्या चौकोनांचं दृश्य संगणकाच्या काळातही कुणाला जमलेलं नाही, असं माझं मत आहे. पण सिनेमा आपटला. त्या अपयशाने धास्तावलेल्या हॉलिवूडने स्टॅन्ली कुब्रिक यांचा नेपोलियनवरचा सिनेमाही पुढे जाऊ दिला नाही. 'वॉटर्लू'मध्ये रॉड स्टायगर यांचा नेपोलियन सतत दिसतो, घाम पुसतो, ओरडतो. पण प्येर नाही. लढाईत हरवलेला एकही माणूस नाही. सगळे सेनापती.

त्याच वर्षी आंद्रेई कोंचालोव्स्की यांच्या 'अंकल वान्या'त बोंदार्चुक यांनी डॉक्टर आस्त्रोव्ह केला, समोर इनोकेंती स्मोक्तुनोव्स्की. चेखॉव्हचा हा थकलेला, पिणारा, जंगलांच्या नकाशांत जीव रमवणारा डॉक्टर बघितला की वाटतं, या माणसाने लढायांत घालवलेली वर्षं कुणीतरी परत आणून द्यावीत.

'दे फॉट फॉर देअर कंट्री' (१९७५) मध्ये त्यांनी स्वतःच माणसांच्या चेहऱ्यांची वाट पुन्हा धरली. शोलोखॉव्हचीच कादंबरी, १९४२चा उन्हाळा, डॉनकाठच्या गवताळ माळावरून माघार घेणारी एक फाटकी तुकडी. जवळपास सगळा सिनेमा खंदक खणणं, भांडणं, खेकडे उकडणं आणि बायकांवरून थट्टा यांत जातो. त्यात वासिली शुक्शिन होते, स्वतः लेखक आणि दिग्दर्शक. २ ऑक्टोबर १९७४ रोजी, कलावंत राहत होते त्या 'दुनाय' जहाजावरच्या खोलीत ते मरण पावले. उरलेल्या दृश्यांसाठी बदली माणूस उभा केला आणि त्यांचा आवाज इगोर येफिमोव्ह या नटाने दिला. माहीत नसेल तर तो सांधा कळत नाही.

बाकीचं झटपट सांगण्यासारखं आहे. मेक्सिको आणि रशियाच्या क्रांत्यांवरचा 'रेड बेल्स' सरकारी कामासारखा आहे. 'बोरिस गोदुनोव्ह' (१९८६) मध्ये त्यांनी मुलगा फ्योदोर आणि मुलगी अल्योना यांना घेतलं. सिनेमा जड आहे. त्याच वर्षी मे महिन्यात चित्रपटकर्मींच्या पाचव्या अधिवेशनात जुन्या सत्ताधाऱ्यांना खाली खेचलं गेलं आणि खेचल्या गेलेल्यांत बोंदार्चुक अग्रभागी होते. त्यांच्या बचावाला उभे राहिले ते दिग्दर्शक निकिता मिखाल्कोव्ह. रागाला कारणं होती. १९७३ साली सत्तेचे टीकाकार साखारोव्ह आणि सोल्झेनित्सिन यांच्याविरुद्धच्या पत्रावर बोंदार्चुक यांची सही होती. १९८३च्या कान महोत्सवात परीक्षक असताना त्यांनी आपल्या 'नोस्टाल्जिया'विरुद्ध जोर लावला, असा दिग्दर्शक आंद्रेई तारकोव्स्की यांचा आरोप होता. तारकोव्स्कींच्या 'सोलारिस'मधली नायिका हारी ही बोंदार्चुक यांचीच थोरली मुलगी नताल्या, हेही याच कुटुंबाच्या इतिहासात बसतं.

शेवटचं काम शोलोखॉव्ह यांची 'अँड क्वाएट फ्लोज द डॉन'. पैसा इटालियन, भाषा इंग्रजी, कोसॅक ग्रिगोरीच्या भूमिकेत ब्रिटिश नट रुपर्ट एव्हरेट. १९९२-९३ मध्ये चित्रीकरण झालं, निर्मितीसंस्था बुडाली आणि निगेटिव्ह नेपल्सच्या एका बँकेत अडकून पडलं. २० ऑक्टोबर १९९४ रोजी मॉस्कोत बोंदार्चुक गेले, तोवर सुटलं नव्हतं. फ्योदोरने ते सोडवून आणलं, जोडलं, आणि २००६ साली रशियन दूरचित्रवाणीवर सात भागांची मालिका लागली. टीका सडकून झाली. एव्हरेटच्या चेहऱ्यात डॉनकाठची माती नाही, ही मुख्य तक्रार. हात कष्टकऱ्याचे नाहीत, म्हणून स्वतः कोसॅक गावात जाऊन राहिलेल्या दिग्दर्शकाला पैशांसाठी ही तडजोड करावी लागली.

पाहायचं असेल तर या मालिकेपासून सुरुवात करू नका. मॉस्फिल्म स्टुडिओच्या यूट्यूब वाहिनीवर त्यांचे बरेच सिनेमे आहेत. आधी 'फेट ऑफ अ मॅन' पाहा, दीड तासाचं काम आहे. मग 'वॉर अँड पीस' एका दिवशी एक भाग या हिशेबाने, शक्य तेवढ्या मोठ्या पडद्यावर, ७० मि.मी.साठी रचलेल्या चौकटी मोबाइलवर मुंग्यांसारख्या दिसतात. डब केलेली अमेरिकन आवृत्ती टाळा, तासभर कापलेली तीच. 'वॉटर्लू' शेवटच्या तासापासून बघितला तरी चालेल.